टॅबची थकलेली बॅटरी : घरी कशी बदलावी आणि कधी बदलू नये



स्मरणिकेत धम्म, चळवळ व इतिहास यांवरील लेख असतातच. त्यांच्या जोडीला विद्यार्थ्यांच्या नित्य उपयोगाचा एक व्यवहारी पाठ असावा, या हेतूने आम्ही हा विषय निवडला आहे. विषय लहान दिसतो, परंतु अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्यात तो लहान नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण पडद्यावर आले. अनेक पालकांनी धान विकून, तेंदूपत्त्याच्या हंगामाची मजुरी राखून मुलांना मोबाईल किंवा टॅब घेऊन दिले. नागपूरच्या महाज्योती संस्थेनेही इतर मागासवर्गीय, विमुक्त-भटके व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना नीट, जेईई व सीईटीच्या तयारीसाठी टॅब दिले. त्या काळात घरी आलेल्या टॅबचे वय आता वाढले आहे. पडदा चांगला, आवाज चांगला, अभ्यासाचे साहित्य आत तसेच आहे. पण चार्जरची पिन काढली की अर्ध्या तासात टॅब बंद. "टॅब खराब झाला" असे म्हणून तो पेटीत जातो आणि मुलाचा किंवा मुलीचा अभ्यास तेथेच थांबतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की बॅटरी संपली म्हणजे टॅब संपला असे नव्हे. बॅटरी हा झिजणारा भाग आहे. सायकलचा टायर झिजला म्हणून कोणी सायकल भंगारात टाकत नाही. मात्र टायर बदलणे आणि ही बॅटरी बदलणे यांत एक मोठा फरक आहे. येथे चूक झाली तर आग लागू शकते. म्हणून ती कशी बदलावी याइतकेच ती कधी बदलू नये, हेही या पाठात सांगितले आहे.

टॅब वाटण्याचे समारंभ आपल्या देशाने पुष्कळ पाहिले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' नावाच्या स्वस्त टॅबचे अनावरण झाले. सात इंची पडदा, २१०० एमएएचची बॅटरी आणि सरकारी खरेदीची किंमत सुमारे २,२७६ रुपये. त्यानंतर ११ नोव्हेंबर २०१२ रोजी 'आकाश-२' आला आणि त्या प्रकल्पाचे काम मुंबईच्या आयआयटीकडे होते. २०१५ साली मुंबई महानगरपालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब देण्यास सुरुवात केली. या सर्व योजनांमागील हेतू चांगलाच होता. परंतु वस्तू देताना हारतुरे असतात आणि दोन-तीन वर्षांनी तिची बॅटरी थकते तेव्हा विद्यार्थी एकटा असतो. त्या वेळी उपयोगी पडते ते आपले ज्ञान.

१. चीवराची गोष्ट

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी स्थविर आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. इतक्या चीवरांचे हा श्रमण करणार काय, व्यापार करणार की दुकान मांडणार, असा राजाला संशय आला व तो विचारण्यास गेला. आनंद म्हणाले की ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे अंथरुणावरील पांघरूण करू. जुन्या पांघरुणांचे? गादीची खोळ. जुन्या खोळींचे? जमिनीवरील अंथरी. त्या अंथऱ्यांचे पायपुसणे, पायपुसण्याचे धूळ झाडण्याचे फडके आणि ते फडके फाटले की त्याच्या चिंध्या मातीत मळून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले व त्याने आणखी पाचशे चीवरे दिली.

दान मिळालेली वस्तू शेवटच्या धाग्यापर्यंत उपयोगात आणणे हा दात्याच्या श्रमाचा आदर होय. टॅब सरकारने दिलेला असो वा आईबापांनी घामाच्या पैशातून घेतलेला असो, त्यालाही हाच न्याय लागू आहे.

२. बॅटरी थकते म्हणजे काय होते

टॅबमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. स्टॅन्ले व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ व अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांच्या कार्यातून ती घडली. १९९१ साली सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली आणि २०१९ साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ यांचे वय ९७ वर्षे होते.

या बॅटरीत दोन पत्रे असतात. एक ग्रॅफाइटचा व दुसरा लिथियम असलेल्या धातूंच्या ऑक्साइडचा. मध्ये सच्छिद्र पडदा व एक ज्वलनशील द्रव असतो. चार्जिंग करताना लिथियमचे कण ग्रॅफाइटकडे जातात आणि वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत थोडे लिथियम ग्रॅफाइटवरील थरात अडकून पडते व पुन्हा कामाला येत नाही. द्रवाचेही हळूहळू विघटन होते. त्यामुळे बॅटरीत मावणारी वीज कमी होते व तिचा अंतर्गत विरोध वाढतो. विघटनातून वायू जास्त तयार झाला तर बॅटरी फुगते.

हे पासबुकाच्या भाषेत सांगता येईल. बॅटरीवर ५००० एमएएच लिहिले आहे, म्हणजे खात्यात जास्तीत जास्त तेवढीच शिल्लक राहू शकते. साधारणपणे ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर ही मर्यादा मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते, म्हणजे ५००० ची ४०००. पूर्ण फेरी म्हणजे एकूण १०० टक्के खर्च. आज ५० टक्के व उद्या ५० टक्के वापरले तर दोन दिवसांत एक फेरी झाली. रोज एक फेरी धरली तर ५०० फेऱ्या एक वर्ष व साडेचार महिन्यांत पुऱ्या होतात. म्हणून तीन-चार वर्षे रोज अभ्यास केलेल्या टॅबची बॅटरी थकली, तर त्यात नवल नाही आणि विद्यार्थ्याचा दोषही नाही. सर्व संस्कार अनित्य आहेत, ही शिकवण येथे डोळ्यांनी दिसते.

ही झीज उष्णतेने वेगाने वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो आणि टिनाच्या छपराखाली तर अधिकच तापते. हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

३. दोष खरोखर बॅटरीचाच आहे काय

ऐकीव गोष्टीवर किंवा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबून न राहता स्वतः पारखून घ्यावे, हा कालाम सुत्तातील उपदेश आहे. दुकानदार म्हणतो म्हणून बॅटरी घेऊ नये. प्रथम पुढील चाचण्या कराव्यात. त्यांना पैसा लागत नाही.

(अ) दुसरी केबल व त्याच क्षमतेचा दुसरा चार्जर लावून पाहावा. पुष्कळदा केबलच तुटलेली असते.

(आ) टॅब बंद करून चार्जिंगची खाच उजेडात पाहावी. त्यात कापूस वा धूळ साचली असल्यास कोरड्या, मऊ ब्रशने साफ करावी. टाचणी किंवा सुई घालू नये.

(इ) सेटिंगमध्ये बॅटरीचा भाग उघडून कोणते ॲप किती वीज खाते ते पाहावे. एखादे ॲप रात्रंदिवस मागे चालू असेल तर दोष त्याचा.

(ई) टॅब पूर्ण चार्ज करून रात्री बंद करावा व सकाळी टक्केवारी पाहावी. बंद स्थितीतही ती बरीच उतरली असेल तर बॅटरीत किंवा आतील सर्किटमध्ये दोष आहे.

बॅटरी थकल्याची खरी लक्षणे अशी: आकडा ४० टक्क्यांवरून एकदम शून्यावर येतो, व्हिडिओ किंवा कॅमेरा सुरू करताच टॅब बंद पडतो व चार्जर लावताच जिवंत होतो, चार्जिंग नेहमीपेक्षा फार लवकर पूर्ण झाल्याचे दाखवते, पाठ उचलली जाते किंवा पडदा कडेने वर येतो. शेवटचे लक्षण दिसले तर पुढे चाचणी करू नये. टॅब बंद करावा, चार्ज करू नये व भाग ८ वाचावा.

४. कोणता टॅब घरी उघडावा

टॅबच्या सेटिंगमध्ये 'टॅबलेटविषयी' या ठिकाणी मॉडेलचा क्रमांक असतो. तो वहीत उतरवून घ्यावा. त्याच मॉडेलची बॅटरी बदलण्याचा व्हिडिओ इंटरनेटवर शोधावा आणि बॅटरी विकत घेण्यापूर्वी तो संपूर्ण पाहावा. "सारखाच दिसतो" अशा दुसऱ्या मॉडेलचा चालणार नाही. त्यावरून आपला टॅब पुढीलपैकी कोणत्या प्रकारचा आहे ते कळेल.

पहिला प्रकार: प्लास्टिकची पाठ खाचांमध्ये अडकवलेली असते व बॅटरी छोट्या कनेक्टरने जोडलेली असते. काळजीपूर्वक काम करणाऱ्यास हा प्रकार घरी जमण्यासारखा आहे. हा पाठ मुख्यतः याच प्रकारासाठी आहे.

दुसरा प्रकार: पाठ उघडते, पण बॅटरीच्या लाल-काळ्या तारा थेट सर्किटवर डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवलेल्या असतात. स्वस्त टॅबमध्ये हे नेहमी आढळते. या दोन तारा एकमेकींना चुकून टेकल्या तर ठिणगी पडते. सोल्डरिंग शिकलेल्या माणसाकडूनच हे काम करून घ्यावे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला आपल्या वस्तीतील एखादा मुलगा किंवा मुलगी हे काम सहज करील.

तिसरा प्रकार: पाठ धातूची व अखंड असते आणि टॅब समोरून, चिकटवलेली काच तापवून उघडावा लागतो. यात काच तडकण्याचा संभव फार असतो. हा प्रकार घरी उघडू नये.

टॅब हमीच्या मुदतीत असेल, अथवा योजनेतून मिळालेला असून परत करण्याची अट असेल, तर कोणत्याही प्रकारचा टॅब उघडण्यापूर्वी देणाऱ्या संस्थेस विचारावे.

५. नवी बॅटरी निवडणे

बॅटरीचा भाव विचारून तो त्या टॅबच्या आजच्या उपयोगाशी ताडून पाहावा. टॅबमध्ये आवश्यक ॲपच चालेनासे झाले असेल तर नव्या बॅटरीनेही उपयोग होणार नाही. परंतु ॲप चालत असतील तर हप्त्यावर नवा टॅब घेण्याची घाई करू नये. बँकेच्या खिडकीवर आम्ही रोज पाहतो की लहान हप्ता मोठ्या घरालाही जड जातो.

खरेदी करताना पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत.

पहिली, जुन्या बॅटरीवर छापलेला भाग क्रमांक. दुसरी, व्होल्ट. बहुतेकांवर ३.७ व्होल्टच्या आसपासचा आकडा असतो व पूर्ण चार्जची मर्यादा ४.२ किंवा त्याहून थोडी अधिक असते. हे दोन्ही आकडे जुन्याप्रमाणेच हवेत. तिसरी, आकार. काही बॅटऱ्यांवर ३५७०९० असा आकडा असतो. त्याचा अर्थ जाडी ३.५ मिलिमीटर, रुंदी ७० व लांबी ९० मिलिमीटर. जाडी कणभरही जास्त चालत नाही. पाठ दाबून बसवली की बॅटरीवर कायमचा दाब येतो. चौथी, कनेक्टर व त्यातील तारांची संख्या आणि क्रम. पाचवी, भारतीय मानकाची खूण. लिथियम बॅटरीसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे व त्यासोबत 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो नसलेली बॅटरी स्वस्त असली तरी घेऊ नये.

एमएएचच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. त्याच आकाराच्या बॅटरीवर कोणी दुप्पट आकडा छापला असेल तर तो खोटा समजावा. तसेच बॅटरीच्या डोक्याशी छोटी संरक्षक पट्टी असते. ती जास्त चार्ज होणे, फार उतरणे व शॉर्ट होणे यांपासून रक्षण करते. पट्टी नसलेला नुसता सेल कधीही बसवू नये.

६. साहित्य व जागा

बारीक चौफुली पेचकस, प्लास्टिकची पातळ पट्टी, प्लास्टिकचा चिमटा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ पट्टी, विजेची चिकटपट्टी, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, कोरडा कागद व पेन, आणि कोरड्या वाळूने भरलेली बादली. पाठ उघडण्यासाठी मुदत संपलेले एटीएम कार्ड उत्तम चालते. सुरी, ब्लेड, चमचा यांना या कामात जागा नाही.

काम सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीजवळ, उघड्या खिडकीशी, दिवसा करावे. जवळ गादी, तणीस, सरपण, गॅस व चूल नसावी. अल्कोहोल पेट घेते, म्हणून मेणबत्ती व अगरबत्ती विझवूनच बसावे. सुरुवातीला एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. शाळकरी मुलांनी हे काम एकट्याने करू नये. सोबत मोठे माणूस असावे व त्यानेही हा पाठ वाचलेला असावा.

७. कृती

(१) टॅबमधील टिपणे, छायाचित्रे व पासवर्ड दुसरीकडे उतरवून घ्यावेत.

(२) बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत टॅब वापरावा. भरलेल्या बॅटरीपेक्षा उतरलेल्या बॅटरीत धोका कमी असतो. नंतर टॅब पूर्ण बंद करून चार्जरची पिन काढावी.

(३) सिमकार्ड व मेमरी कार्ड बाहेर काढावे. ते आत राहिले तर पाठ निघताना मोडते.

(४) बाहेर पेच असल्यास काढावेत. कागदावर टॅबचे चित्र काढून ज्या जागेचा पेच त्या जागी ठेवावा. पेचांची लांबी वेगवेगळी असते व लांब पेच चुकीच्या भोकात गेला तर सर्किटला किंवा पडद्याला भोक पाडतो.

(५) एका कोपऱ्याजवळ कार्ड अगदी थोडे आत घालून कडेकडेने फिरवावे. एकेक खाच टक असा आवाज करून सुटते. कार्ड खोल घालू नये. पाठ सुटली तरी झटक्याने उचलू नये. काही मॉडेलमध्ये पाठीला पातळ फीत जोडलेली असते. आधी थोडी वर करून आत डोकवावे.

(६) सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. त्याआधी आत दुसरे काहीही करू नये. त्यावर पत्र्याची झाकणी असल्यास तिचे पेच काढावेत. कनेक्टर कसा निघतो, वर उचलून की बाजूला सरकवून, हे व्हिडिओत पाहून ठेवलेले असावे. तार धरून ओढू नये. प्लास्टिकच्या पट्टीने कनेक्टरच उचलावा.

(७) बॅटरी खाली चिकटवलेली असते. ओढण्याची पट्टी दिली असल्यास ती सपाट ठेवून सावकाश ओढावी. नसल्यास बॅटरीच्या कडेने अल्कोहोलचे थोडे थेंब सोडून काही मिनिटे थांबावे आणि कार्ड सपाट सरकवत गोंद सोडवावा. बॅटरी वाकवू नये, टोचू नये, कोपऱ्याने उपटू नये. आतील पडदा फाटून दोन पत्रे एकमेकांना टेकले तर तेथेच आग सुरू होते. पेट्रोल, थिनर, रॉकेल वापरू नये. गोंद सुटत नसेल तर काम थांबवून मेकॅनिककडे न्यावे. थांबण्यात कमीपणा नाही.

(८) जुनी बॅटरी निघताच तिच्या कनेक्टरवर विजेची चिकटपट्टी गुंडाळून ती वाळूजवळ ठेवावी. जागा कोरड्या कापडाने पुसून वाळू द्यावी.

(९) नवी बॅटरी आधी न चिकटवता ठेवून पाहावी. ती सपाट व सैल बसली पाहिजे. मग कनेक्टर सरळ दाबून बसवावा आणि पाठ लावण्यापूर्वीच टॅब सुरू करून पाहावा. पडदा, स्पर्श, आवाज व चार्जिंग तपासावे.

(१०) टॅब पुन्हा बंद करावा, कनेक्टर काढावा, कडेला दोन पातळ चिकट पट्ट्या लावून बॅटरी बसवावी, कनेक्टर जोडावा, पेच कागदावरील चित्राप्रमाणे लावावेत व पाठ बोटांनी कडेकडेने दाबावी. एखादी जागा बसत नसेल तर जोर लावू नये. तार किंवा पेच आड आला आहे काय ते पाहावे.

(११) पहिले चार्जिंग जागे असताना, फरशीवर ठेवून व समोर बसून करावे. पाठ कोमट होणे ठीक. हात ठेववत नाही इतकी तापली, वास आला किंवा फुगवटा दिसला तर लगेच पिन काढावी व टॅब मोकळ्या जागी न्यावा. सुरुवातीला टक्केवारीचा आकडा चुकू शकतो. एकदा पूर्ण चार्ज करून जवळपास संपेपर्यंत वापरला व पुन्हा पूर्ण चार्ज केला की तो बहुधा जुळतो.

८. फुगलेली बॅटरी

फुगलेली बॅटरी घरी काढू नये, हा आमचा स्पष्ट सल्ला आहे. ती दाबून सपाट होत नाही, टाचणीने वायू काढता येत नाही आणि फ्रीजमध्ये ठेवून बरी होत नाही. असे उपाय सांगणाऱ्याचे ऐकू नये. टॅब बंद करून, चार्जर काढून, लोखंडी डब्यात कोरड्या वाळूवर, घराबाहेर सावलीत ठेवावा व जाणत्या मेकॅनिककडे न्यावा.

२०१६ साली सॅमसंग कंपनीला आपला गॅलक्सी नोट ७ हा मोबाईल जगभरातून परत घ्यावा लागला. त्याचे कारण बॅटरीतील दोषामुळे लागणाऱ्या आगी हेच होते. एवढ्या मोठ्या कारखान्यात जे घडले ते आपल्या ओसरीत घडणार नाही असे समजू नये.

बॅटरी पेटलीच तर प्रथम माणसे, विशेषतः मुले व म्हातारे, बाहेर काढावीत. धूर विषारी असतो, त्यात तोंड घालू नये. टॅब चार्जरला असेल तर मुख्य स्विच बंद करावा. वाळूने ठिणग्या आवरतात, पण बॅटरी थंड होण्यासाठी भरपूर पाणी लागते. विजेचा संबंध तुटल्यावर ते दुरून ओतावे. विझल्यासारखी दिसली तरी ती पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून लवकर हात लावू नये. आग आवरत नसेल तर ११२ किंवा १०१ क्रमांकावर कळवावे.

९. जुन्या बॅटरीचे काय करावे

चीवराच्या गोष्टीतला राजा येथेही विचारील, "जुन्या बॅटरीचे काय करणार?" उत्तर तयार असले पाहिजे. ती उकिरड्यावर, बोडीत किंवा तलावात टाकू नये. शेकोटीत तर नाहीच. घंटागाडीच्या मिश्र कचऱ्यातही देऊ नये, कारण दाबली गेली की ती पेट घेते. कचरा वेचणारे व भंगार फोडणारे हात बहुधा आपल्याच बांधवांचे असतात, हे विसरू नये.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू केले. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून योग्य ठिकाणी देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. म्हणून कनेक्टरवर चिकटपट्टी लावलेली जुनी बॅटरी कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावी. गोंदिया किंवा नागपूरला कोणी कामानिमित्त जात असेल त्याच्याकडे वस्तीतील बॅटऱ्या एकत्र, पण प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळून पाठवता येतील.

१०. नवी बॅटरी टिकवणे

रोजच्या वापरात बॅटरी २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या दिवशी पूर्ण भरण्यास हरकत नाही. चार्जिंग करताना जाड आवरण काढावे. उशीखाली व गोधडीत चार्जिंग करू नये. उन्हाळ्यात दुपारी टिनाखाली चार्ज करण्यापेक्षा पहाटे करावे. परीक्षा संपली, रोवणीचे दिवस आले की टॅब पेटीत जातो व महिनोन्महिने तसाच राहतो. पूर्ण उतरलेली बॅटरी अशी पडून राहिली तर कायमची मरते. ठेवण्यापूर्वी ती निम्मी भरावी व दर दोन महिन्यांनी पाहावी. अप्रमाद, म्हणजे जागरूकता, ही केवळ ध्यानाच्या आसनावरची गोष्ट नाही. घरातील प्रत्येक वस्तूच्या वापरातही ती असली पाहिजे.

११. समाजाने काय करावे

आजचे अनेक टॅब असे बनवतात की ते विकत घेणाऱ्याने उघडूच नयेत. जगात याविरुद्ध विचार सुरू आहे. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक हाती उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्यास स्वतः काढता व बदलता आली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काविषयी संकेतस्थळ सुरू केले. ज्ञान मूठभरांच्या हाती राहावे व बाकीच्यांनी फक्त विकत घ्यावे, ही व्यवस्था आपल्या समाजाला नवी नाही. तिचे उत्तरही आपल्याला ठाऊक आहे. ते म्हणजे शिकणे व शिकलेले वाटून देणे.

म्हणून आमची सूचना अशी की प्रत्येक विहाराच्या कपाटात पेचकस, प्लास्टिकच्या पट्ट्या व चिमटा यांचा एक संच असावा. पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर, दिवसाउजेडी, विहाराच्या पटांगणात जाणत्या तरुणाने दोन विद्यार्थ्यांना सोबत बसवून एक टॅब उघडून दाखवावा. मुलींना मागे बसवू नये. पेचकस त्यांच्या हाती आधी द्यावा. एका वर्षात प्रत्येक वस्तीत हे काम जाणणारे चार जण तयार झाले, तरी पेटीत पडलेले कितीतरी टॅब पुन्हा अभ्यासाला लागतील.

स्वाध्याय

१. ५००० एमएएच व ३.७ व्होल्टच्या बॅटरीत किती वॅट-तास वीज मावते? (५ × ३.७ = १८.५.) हीच रीत वापरून आपल्या टॅबचे उत्तर काढा.

२. बॅटरीवर ३०९५१२५ असा आकडा आहे. तिची जाडी, रुंदी व लांबी सांगा.

३. टॅब उघडल्यावर सर्वप्रथम कोणती गोष्ट करावी? का?

४. आपल्या घरातील टॅब तीनपैकी कोणत्या प्रकारचा आहे? तो घरी उघडावा की नाही, हे कारणासह लिहा.

५. आपल्या वस्तीतील बंद पडलेल्या टॅबची यादी करा. त्यांपैकी किती केवळ बॅटरीमुळे बंद आहेत ते भाग ३ मधील चाचण्यांनी शोधा. यादी समाजाच्या सचिवांकडे द्या.

पाचवा प्रश्न सर्वांनी सोडवावा, ही विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!